चहा : पत्ती, दाणा की भुकटी?

शेतकऱ्याच्या घरी पाहुणा आला आणि चहा झाला नाही, असे आता सहसा घडत नाही. पूर्वी आल्यागेल्याला गूळपाणी देत. ती जागा चहाने केव्हाच घेतली. घरभेटीला आम्ही एखाद्या वस्तीवर गेलो की पाच घरे होतात आणि पाच कप चहाही होतो. नको म्हटले तर घरच्या माउलीला वाईट वाटते. प्रत्येक घरची चव मात्र निराळी. कोठे लालभडक आणि कडक, कोठे नुसता गोड, कोठे आले-गवती चहाचा घमघमाट. आणि बहुतेक घरी एक प्रश्न हमखास येतो : "फादर, कोणता चहा चांगला? पत्तीचा महाग, भुकटी स्वस्त. महागाचा घ्यावा का?"

प्रश्न साधा आहे, पण त्यात घरखर्च आहे आणि आरोग्यही आहे. म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या या पानावर चहाविषयी सविस्तर सांगायचे आम्ही ठरवले आहे.

सुरतेचा जुना चहा

धर्मगुरूने चहावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण आपल्या सुरतेच्या बाबतीत ही प्रथा तीनशे वर्षांची आहे! १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन प्रवासी सुरतेस आला होता. येथील रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज जहाजावरचा धर्मोपदेशक येथे आला. तो अँग्लिकन होता, आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा नव्हता. पण डोळस माणूस होता. सुरतेच्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १६९६ साली लंडनला छापले गेले. डच व्यापाऱ्यांच्या घरी चहाची किटली विस्तवावरून क्वचितच उतरते, असे तो सांगतो. येथील लोक चहात गरम मसाला घालून उकळतात आणि डोकेदुखी, मूतखडा व पोटातील मुरडा यांवर तो गुणकारी मानतात. बहुतेक जण खडीसाखरेबरोबर घेतात, तर काही हौशी लोक मुरवलेल्या लहान लिंबाबरोबर, असेही त्याने नोंदवले आहे. पुढे १६९९ साली त्याने चहावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. चहाच्या तीन जाती त्याने सांगितल्या आहेत : बिंग, सिंग्लो आणि बोही.

म्हणजे आपला मसाल्याचा चहा काही काल-परवाचा नव्हे. आणि 'चहा किती प्रकारचा?' हा प्रश्नही तितकाच जुना. फरक एवढाच की त्या काळचा चहा चीनमधून जहाजाने येई, आणि तो श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बैठकीतला होता. आसामच्या रानात चहाचे झाड आहे, हे तेथील सिंगफो लोकांना ठाऊकच होते. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला ते १८२३ साली कळले. १८३८ साली आसामी चहाच्या पहिल्या पेट्या लंडनकडे रवाना झाल्या. सामान्य भारतीय माणसाच्या घरात मात्र चहा शिरला तो विसाव्या शतकात. चहाचा खप वाढावा म्हणून रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारात चहाची जाहिरात झाली, लोकांना तो पाजून दाखवण्यात आला. आपल्या पणजोबांना जो नीट माहीतही नव्हता, तो आज आपल्याला सकाळी उठल्याबरोबर लागतो!

झाड एक, चहा अनेक

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही, की हिरवा चहा, काळा चहा, पांढरा चहा यांची झाडे वेगवेगळी नसतात. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य वाण दोन : लहान पानाचा, थंडी सोसणारा चिनी वाण, आणि मोठ्या पानाचा, भरपूर पीक देणारा आसामी वाण. दार्जिलिंगच्या मळ्यांत चिनी वाण पुष्कळ आहे, तर आसामच्या सखल भागात आसामी वाण.

फरक पडतो तो पान तोडल्यानंतर त्याचे काय करतात यावर. वांगे चिरून ठेवले की थोड्या वेळाने काळे पडते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. चहाचे पान चुरडले की तेही हवा लागून असेच तांबूस-काळे होते. ही क्रिया होऊच दिली नाही, म्हणजे तोडल्याबरोबर पानाला वाफ किंवा उष्णता दिली, की हिरवा चहा होतो. अर्धवट होऊ दिली की ऊलाँग. पुरती होऊ दिली की आपला नेहमीचा काळा चहा. आणि अगदी कोवळे कोंब न चुरडता नुसते सुकवून वाळवले की पांढरा चहा. तो फार थोडा होतो, म्हणून फार महाग असतो. त्यात काही जादू आहे असे समजू नये.

काळा चहा करण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत पान सुकवतात, यंत्रावर वळतात, हवेत ठेवतात, मग भट्टीत वाळवतात. याला ऑर्थोडॉक्स चहा म्हणतात. पानाचा आकार बराचसा टिकतो. रंग फिका, सुगंध छान. दुसरी रीत सीटीसी. ही १९३०च्या सुमारास आसामातील आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर याने काढली. दोन दातेरी रूळ उलटसुलट फिरतात. त्यांच्यामधून गेलेले पान चिरडते, फाटते आणि वळून त्याचे बारीक गोल दाणे होतात. हाच आपला दाणेदार चहा. भारतात होणाऱ्या चहापैकी फार मोठा भाग आज या रीतीनेच होतो, कारण दूध घालून उकळायला तो उत्तम.

दर्जा की चाळणी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुडक्यावर बीओपी, पीएफ, डस्ट अशी अक्षरे असतात. ही अक्षरे म्हणजे परीक्षेतले गुण आहेत, असे अनेकांना वाटते. तसे नाही.

भाताचे उदाहरण घ्या. गिरणीतून भात भरडून आणला की चाळणीवर अख्खा तांदूळ वेगळा निघतो, त्याखाली तुकडा, त्याखाली कणी. भात त्याच शेतातला, चवही तीच. पण अख्ख्या तांदळाला भाव जास्त, कणीला कमी. कणी लवकर शिजते, पेजेला ती चांगली. मग कणी खराब झाली काय? मुळीच नाही. उलट, निकृष्ट वाणाच्या अख्ख्या तांदळापेक्षा चांगल्या वाणाची कणी केव्हाही रुचकर.

चहाचेही नेमके असेच आहे. वाळलेला चहा चाळण्यांवरून सोडतात. वर राहते ती अख्खी पत्ती, तिला ओपी म्हणजे ऑरेंज पेको किंवा तत्सम नावे. (यात संत्र्याचा काही संबंध नाही!) त्याखाली तुटकी पत्ती, म्हणजे बीओपी. त्याखाली बारीक कण, त्यांना फॅनिंग्ज म्हणतात. बीओपीएफ, पीएफ ही अक्षरे त्यांची. आणि सर्वांत खाली भुकटी, म्हणजे डस्ट. पीडी, डी ही तिची अक्षरे. सीटीसी चहातही दाण्याच्या आकारावरून अशीच वर्गवारी होते. 'डस्ट' या शब्दाने दचकू नये. ती जमिनीवरून झाडून काढलेली धूळ नव्हे.

जितका कण बारीक, तितका रंग लवकर उतरतो आणि चहा कडक होतो. एका किलोत कपही जास्त निघतात. जितकी पत्ती मोठी, तितका चहा सावकाश उतरतो, फिका आणि सुगंधी होतो. म्हणून दूध-साखर घालून उकळायचा असेल तर महागाची अख्खी पत्ती आणणे म्हणजे पैसा वाया घालवणे. तिचा सुगंध दुधात हरवतो आणि रंगही येत नाही. दार्जिलिंगची पत्ती कोणी भेट दिली तर उकळलेले पाणी तिच्यावर ओतावे, तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे आणि बिनदुधाची प्यावी. रोजच्या घरगुती चहाला मध्यम दाण्याचा सीटीसी, किंवा त्यात थोडी भुकटी मिसळलेला, पुरेसा आहे.

खरा दर्जा ठरतो तो मळा, हंगाम, तोडणी आणि कारखान्यातील निगा यांवर. दोन पाने आणि एक कोंब एवढेच खुडले तर चहा उत्तम. लोभाने जून पाने, देठ ओरबाडले तर वाईट. आणि हे खुडण्याचे काम बहुतेक स्त्रिया करतात. आसाम आणि दुआरच्या मळ्यांतील पुष्कळ मजुरांचे पूर्वज छोटा नागपूरकडून तेथे नेलेले मुंडा, उरांव, खडिया लोक होते. त्यांत आपले ख्रिस्ती बांधव बरेच आहेत. साडेचार किलोच्या आसपास हिरवे पान खुडावे तेव्हा एक किलो चहा होतो. उसाच्या फडात राबणाऱ्या आमच्या वाचकांना या कष्टाची किंमत वेगळी सांगायला नको.

विकत घेताना

चहात भेसळ पुष्कळ होते. वापरलेला चोथा वाळवून, रंग देऊन पुन्हा विकतात. देठ-काड्यांचा कचरा मिसळतात. चहाच्या कचऱ्याच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा सरकारी आदेश १९५९ सालापासून आहे. तरी आठवडे बाजारात सुटा चहा घेताना फसगत होते. आम्हीही एकदा एका दुकानातून स्वस्त म्हणून दोन किलो सुटा चहा सणासाठी आणला होता. पाण्यात टाकताच रंग असा धावला की सर्वांनी दुकानदाराची वाहवा केली. नंतर ओला टिपकागद घेऊन पाहिले, तेव्हा खरे काय ते कळले.

घरी करण्याजोग्या दोन परीक्षा अशा. पांढऱ्या टिपकागदावर थोडा चहा पसरावा, वर पाणी शिंपडावे, मग चहा काढून कागद पाण्याखाली धरून उजेडात पाहावा. रंगाचे डाग लगेच पडलेले दिसले तर चहाला कृत्रिम रंग दिला आहे असे समजावे. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. कागदावर चहा पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवावे. लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटतो. संशय आला तर पुडी जपून ठेवून जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. होता होईतो बंद पुडा घ्यावा. त्यावर परवाना क्रमांक, वजन आणि तारीख पाहावी. एकदम पाच किलो न घेता महिन्यापुरता घ्यावा. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो मसाला, कापूर, रॉकेल यांच्याजवळ ठेवू नये. चहा वास फार लवकर ओढतो, आणि पावसाळ्यात तर ओलही.

कपाचा हिशेब

आता एक हिशेब मांडून पाहू. घरात पाच माणसे, दिवसातून तीन वेळा चहा, म्हणजे पंधरा कप. कपाला दोन ग्रॅम पूड धरली तर दिवसाला तीस ग्रॅम, महिन्याला नऊशे ग्रॅम. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम साखर धरली तर महिन्याला साडेतीन किलोंहून अधिक. आणि कपाला ४० मिलिलिटर दूध धरले तर रोजचे ६०० मिलिलिटर, म्हणजे महिन्याला १८ लिटर!

पत्ती घ्यावी की भुकटी, यावर आपण डोके शिणवतो. पण खर्चाचा मोठा भाग दुधा-साखरेचा आहे. साखर एक चमचा कमी केली तर महिन्याला जवळजवळ दोन किलो साखर वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हिताचे. आपल्या तीन कपांतच २४ ग्रॅम जाते. गावोगावी मधुमेह वाढत असताना याचा विचार करायला हवा.

दुधाचा विचार तर त्याहून मोठा. कित्येक घरी सकाळचे दूध डेअरीवर जाते, उरलेले पावशेर-अर्धा शेर चहात जाते, आणि लेकराच्या वाट्याला येते चहात बुडवलेली भाकर. पैशाची नड असते, हे आम्ही जाणतो. पण मोठ्यांनी एक वेळचा चहा कोरा घेतला तर रोज एका मुलाला पेलाभर दूध मिळते. लहान मुलांना चहा देऊच नये. त्याने भूक मरते आणि झोप बिघडते.

चहा आणि रक्त

हा लेख लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो.

मागच्या प्रायश्चित्त काळात, ऊसतोडीच्या हंगामात, आम्ही तापीकाठच्या एका वस्तीवर दवाखान्याच्या सिस्टरबरोबर गेलो होतो. एका घरातील सून पाच महिन्यांची गरोदर. चेहरा पांढराफटक, दोन पावले चालली की धाप. सिस्टरने रक्त तपासले, हिमोग्लोबिन आठ. गरोदरपणी ते निदान अकरा असायला हवे. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अहो सिस्टर, सरकारी गोळ्या एकही दिवस चुकवत नाही ती. मी स्वतः देते, रोज सकाळी चहाबरोबर."

चूक कोठे होती, ते सिस्टरच्या लगेच ध्यानात आले. चहात टॅनिन नावाचे द्रव्य असते, तुरटपणा त्याचाच. भाजी-भाकरीतील आणि गोळीतील लोहाला ते आतड्यात बांधून टाकते आणि लोह रक्तात पुरते उतरत नाही. सासूबाईंच्या मायेत काही कमी नव्हते. वेळ तेवढी चुकली होती. सिस्टरने सांगितले : गोळी दुपारच्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्याच्या आसपास एक तासभर नको. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन दहाच्या जवळ आले. पुढे सुखरूप बाळंतपण झाले आणि बाळाचा बाप्तिस्मा आम्हीच केला.

त्या घरी आम्ही त्याआधी कितीदा तरी चहा प्यायलो होतो. सूनबाईने कप पुढे केला, आम्ही घेतला, आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो. तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही. ही आमची चूक आम्ही येथे कबूल करतो.

ही एका घरची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. गुजरातेत तर ६५ टक्के. याला कारण एकटा चहा नाही. अपुरे अन्न, जंत, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यात भर घालतो, आणि हे एक कारण असे आहे की ते दूर करायला पैसा लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांतही जेवणाआधी एक तास व नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. येथे पत्ती, दाणा, भुकटी असा भेद नाही. हिरवा चहाही यात आलाच.

आणखी एक. चहा कढत घशाखाली ओतू नये. ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली काढला. बशीत ओतून, निववून पिण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय हसण्यावारी नेण्याजोगी नाही!

बांधावरचा गवती चहा

खरा चहा आपल्याकडे पिकेल का, असे काही तरुण शेतकरी विचारतात. नाही. त्याला आम्लधर्मी जमीन, भरपूर आणि वर्षभर वाटून पडणारा पाऊस व पाणी न साचणारा उतार लागतो. आपली काळी जमीन आणि मार्च ते मेचा कोरडा उन्हाळा त्याला मानवणार नाही.

पण गवती चहा, ज्याला सुरतेत लीली चा म्हणतात, तो आपल्याकडे उत्तम येतो. हे चहाचे झाड नव्हे, एक सुवासिक गवत आहे. त्यात कॅफीन नाही. पावसाच्या सुरुवातीला जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून न्हाणीच्या पाण्यावर किंवा बांधावर दीड-दोन फुटांवर लावावेत. पाणी साचू देऊ नये. तीन-चार महिन्यांत पात कापणीला येते. जमिनीपासून वीतभर ठेवून कापावी म्हणजे पुन्हा फुटते. घरापुरते तीन-चार ठोंब चार-पाच वर्षे पुरतात. संध्याकाळचा तिसरा कप नुसत्या गवती चहाचा, आले व थोडा गूळ घालून, केला तर झोपही चांगली लागते.

थोडक्यात

१. अक्षरांवरून दाण्याचा आकार कळतो, चव नव्हे. दुधाच्या चहाला मध्यम दाणा पुरे.
२. सुट्या चहाची टिपकागदावर परीक्षा करावी.
३. जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये.
४. साखर एक चमचा कमी करावी. मुलांना चहाऐवजी दूध द्यावे.
५. फार थकवा, धाप, चक्कर असेल तर रक्त तपासून घ्यावे.

आमच्या धर्मग्रामात सणाच्या जेवणावर लगेच चहा देण्याची रीत होती. ती आम्ही बदलली आहे. यापुढे मिस्सा झाल्याबरोबर चहा, आणि जेवण त्यानंतर तासाभराने. काही मंडळी कुरकुरतील, हे ठाऊक आहे. पण तहानलेल्याला दिलेले पेलाभर पाणीही व्यर्थ जात नाही असे प्रभूने सांगितले, त्यात देणाऱ्याचे प्रेम आहे. त्या प्रेमाला थोड्या जाणतेपणाची जोड द्यावी, एवढेच आमचे मागणे. पुढच्या घरभेटीला आम्ही चहा जरूर घेऊ. मात्र घरच्या लेकी-सुनांनी गोळी केव्हा घेतली, हे आधी विचारू.